मेंदीचे पान कुठल्या बाजूला वळते?

मेंदीच्या एकाच वईत, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, अर्धी झुडपे मोकळ्या, सपाट पानांची आणि उरलेली अर्धी आखडलेल्या, मुरडलेल्या पानांची. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर हा प्रकार वर्षातून एकदा तरी दिसतोच. लागवड एकाच पावसाळ्यातली असते, फाटे एकाच झाडाचे असतात, खतपाणीही सारखेच झालेले असते. तरी विहिरीकडची झुडपे एक बोलतात आणि समुद्राकडची दुसरेच. यावर सर्रास केला जाणारा उपाय मात्र एकच: मिरचीसाठी कालवलेले औषध पंपात उरलेले असते, ते मेंदीवर मारून टाकायचे. त्याने कधी पालवी सुधारते, बहुतेक वेळा सुधारत नाही.

न सुधारण्यात नवल काही नाही. पान वळणे हे तापासारखे लक्षण आहे. मुळाशी साचलेले पाणी, विहिरीचे मचूळ पाणी, खारा वारा, डोळ्यांना न दिसणारी कीड, शेजारच्या भातशेतातून उडालेले तणनाशक, अशी निरनिराळी कारणे शेवटी पानावर एकाच रूपात उमटतात. ती वेगळी काढता येतात, कारण वळण्याची दिशा, वळलेल्या पानाचे वय आणि वळण्याचा महिना या तीन गोष्टी प्रत्येक कारणात वेगळ्या असतात.

पान वळते कसे

पानाला वरची आणि खालची अशा दोन बाजू असतात आणि त्या दोन्ही पेशींच्या स्वतंत्र थरांनी बनलेल्या असतात. पान वाढते तेव्हा दोन्ही थर सारख्या वेगाने पसरावे लागतात. एक थर मागे पडला की पान त्या मागे पडलेल्या बाजूकडे ओढले जाते. उन्हात घातलेला पापड कडेने वर उचलला जातो तो याच न्यायाने: उन्हाकडची बाजू आधी सुकून आकसते, खालची ओलीच राहते आणि पापड आकसलेल्या बाजूकडे वळतो. पानाच्या कडा वर उचललेल्या असतील तर वरच्या थराची वाढ कमी पडली, खाली वळल्या असतील तर खालच्या थराची, हा पहिला ढोबळ अंदाज.

कोवळे पान आणि जून पान यांत मात्र मोठा फरक आहे. कोवळ्या पानाच्या पेशी अजून वाढत असतात. त्या वयात एका बाजूला इजा झाली तर वाकडेपणा पानाच्या बांध्यातच बसतो. पुढे कीड गेली, पाणी मिळाले, तरी ते पान सरळ होत नाही. जून पानाची वाढ संपलेली असते. ते वळते ते बहुधा पेशींतले पाणी कमी झाल्यामुळे, आणि पाणी परत भरले की उलगडते. औषध मारल्यावर आठ दिवसांनी त्याच वाकड्या पानांकडे पाहून ‘फरक नाही’ असा निकाल देण्याची जी चूक होते तिचे मूळ इथे आहे. फरक पाहायचा तो नंतर आलेल्या पालवीत.

म्हणून पहिली पाहणी पहाटेची. दुपारी वळलेली पाने सकाळी सहा-सातला उघडलेली दिसली तर झाड फक्त ऊन टाळते आहे. कडा वर घेऊन पान उन्हासमोरचे आपले क्षेत्र कमी करते आणि बाष्प कमी घालवते. एप्रिल-मेमध्ये मेंदीने असे करणे हे तिच्या तब्येतीचे लक्षण मानावे, आजाराचे नव्हे. सकाळीही पान मिटलेलेच असेल तर मात्र पुढचा तपास करायचा.

झाड मेंदीचेच आहे ना?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. किनाऱ्यावरच्या कुंपणांत मेंदी म्हणून जे लावलेले असते ते पुष्कळदा कोयनेल असते. खाडीच्या कडेला, कांदळवनाच्या मागच्या पट्ट्यात आपोआप वाढणारे हे झुडूप खारे पाणी सहज पचवते, आणि म्हणून त्याच्यावरचे आडाखे मेंदीला लागू पडत नाहीत. कोयनेलीचे पान चुरडले की उग्र वास येतो. मेंदीचे ओले पान तळहातावर ठेचून थोडा वेळ ठेवले की नारिंगी डाग पडतो आणि धुऊन जात नाही. डाग पडला नाही तर ती मेंदी नाही.

खऱ्या मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. तिचे कूळ डाळिंबाचे आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या तामणाचे. पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि हात रंगतो तो त्याच्यामुळे. देशातली मोठी व्यापारी लागवड राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, सोजतच्या आसपास आहे. तिथे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे कोरड्या मुलखात सुखाने राहणारे हे झाड रायगडात चार महिने भिजत उभे असते आणि नंतरचे आठ महिने खाऱ्या हवेत.

तरीही ती इथे घरोघरी आहे. लग्नाआधीची मेंदी हिंदू घरांत आहे, मुरूड-श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमानांत आहे, आणि अलिबागजवळच्या नवगावला आपले पूर्वज उतरले असे मानणाऱ्या बेने इस्राएल समाजातही आहे. आषाढात ताजी पाने वाटून हात रंगवण्याची चाल तर सगळ्या महाराष्ट्राची. पानांना सर्वांत जास्त मागणी येते ती नेमकी मेंदीच्या सर्वांत वाईट महिन्यात.

पावसाळा: दोष मुळाचा, शिक्षा पानाला

रायगडच्या किनाऱ्यावर मेंदीची पाने मुरडण्याचे पहिले कारण म्हणून पाण्याकडेच पाहावे, कीड नंतर. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाने खाली झुकलेली, देठापासून वाकलेली, थोडी पिवळट दिसू लागली आणि शेंड्यावर एकही किडा सापडला नाही, तर कुदळ घेऊन मुळाशी पाहावे.

मुळांनाही श्वास लागतो. जमिनीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळे तिच्यातला प्राणवायू घेतात. पावसाने त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पुरवठा तुटतो, कारण प्राणवायू पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. एकदोन दिवसांतच मुळे गुदमरू लागतात आणि इथून पुढची साखळी गमतीची आहे. गुदमरलेल्या मुळांत इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाचा कच्चा माल साचतो. त्याचे इथिलीन व्हायला प्राणवायू हवा आणि मुळाशी तो नसतो. हा कच्चा माल रसाबरोबर वर चढतो, पानांना भरपूर हवा असते, तिथे त्याचे इथिलीन होते. इथिलीनमुळे देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि पान खाली मान टाकते. टोमॅटोत हा सगळा प्रवास पायरीपायरीने तपासला गेला आहे.

दुसरीकडे, गुदमरलेले मूळ पाणी ओढण्याचे कामही सोडते. पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकल्याप्रमाणे दिसते, आणि पाहणारा त्याला आणखी पाणी घालतो. सप्टेंबरअखेर, पाऊस उघडल्यावर हा घोटाळा नेहमीचा. मुळे तोवर कुजलेली असतात. उकरून पाहिले तर बारीक मुळ्या काळ्या-तपकिरी, आणि बोटात धरून ओढल्या की वरची साल हातात येते, आतला दोरा उघडा पडतो. निरोगी मुळी आतून पांढरट आणि चिवट असते.

निचरा तपासायला यंत्र लागत नाही. वईच्या कडेला हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी काही तासांत उतरले तर जमीन ठीक. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी असेल तर त्या जागी मेंदीचा पावसाळा कठीण जाणार. पुळणीच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूमिश्र जमिनीत हा त्रास कमी. त्रास भातखाचराच्या कडेला आहे आणि त्याहून जास्त नव्या प्लॉटवर. किहीम, नागाव, काशीद भागात शेतात मुरमाचा भराव घालून, रोलर फिरवून बंगला उभा राहतो, चारी बाजूंनी पक्की भिंत येते आणि पाण्याची जुनी वाट त्या भिंतीखाली गाडली जाते. भिंतीच्या आतल्या अंगाला लावलेली मेंदी मग साचलेल्या पाण्यात उभी राहते. पूर्वीचा जांभ्याचा गडगा दगडांच्या फटींतून पाणी सोडून देत असे. पक्क्या भिंतीच्या पायथ्याशी दर काही फुटांवर पाण्याला भोके ठेवली तर तोच परिणाम साधतो, पण हे सुचते ते बहुधा वई गेल्यावर.

खारा वारा आणि मचूळ पाणी

मीठ मेंदीकडे दोन वाटांनी येते आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या.

वाऱ्यातले मीठ बाहेरून येते. लाटा फुटताना उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पानावर बसतात, पाणी उडून जाते आणि मीठ उरते. त्यामुळे झुडपाची समुद्राकडची बाजू करपते आणि मागची हिरवी राहते. असे अर्धे करपलेले झुडूप दिसले की तपास तिथेच संपला. वादळात हा परिणाम एरवीपेक्षा फार आतपर्यंत पोहोचतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वादळानंतर जी झाडे उभी राहतात त्यांच्या पानांवरचे मीठ पुढच्या चांगल्या पावसाने धुऊन जाईपर्यंत काम करत राहते. वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आले तर ही धुलाई आपोआप होते. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात खारा वारा सुटला तर गोड्या पाण्याने पाने धुवावी लागतात.

दुसरी वाट मुळातून. फेब्रुवारीनंतर किनाऱ्यावरच्या विहिरींची पातळी उतरते, खालून खारे पाणी सरकते आणि मे महिन्यात पाणी मचूळ लागते. हेच पाणी वईला जाते. मुळाने घेतलेले मीठ रसाबरोबर पानात येते. पाणी पानातून बाष्प होऊन जाते, मीठ मागे राहते, आणि रसाचा प्रवास जिथे संपतो त्या टोकाला आणि कडांना साचते. कडांच्या पेशी मरतात. कोवळ्या पानाचा मधला भाग मात्र वाढतच असतो. मधले वाढते आणि कड वाढत नाही, म्हणून पानाची वाटी होते. कडेला तपकिरी, कोरडी, चुरडली तर भुगा होणारी पट्टी आणि मध्ये फुगीर हिरवा भाग, ही मचूळ पाण्याची खूण. ती झुडपाच्या सर्व बाजूंना सारखी असते. कडेचे करपणे जून पानांवर आधी दिसते, वाटी मात्र कोवळ्या पानांची होते.

खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, जमिनीत मीठ मुळातच आहे. समुद्राचे पाणी अडवण्यासाठी घातलेले बांध उधाणाला फुटले किंवा उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे नीट लागली नाहीत की ते पुन्हा भरते. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की शास्त्रात ती जमीन खारी धरतात. उन्हाळ्यात मातीवर पांढरा पापुद्रा दिसला तर वेगळा पुरावा नको. मेंदी काही प्रमाणात खारेपणा सोसते, पण खारेपणा आणि साचलेले पाणी दोन्ही एकदम आले तर टिकाव लागत नाही. अशा जमिनीवर जिप्सम टाकण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. जिप्सम उपयोगी पडते ते जमिनीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेले असेल तेव्हा, आणि ते माती परीक्षणातूनच कळते. नुसते मीठ असेल तर ते धुऊन न्यायला रायगडचा पाऊस पुरेसा आहे, फक्त धुतलेले पाणी बाहेर पडायला चर हवा. खाऱ्या जमिनींवर काम करणारे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र पनवेलला आहे.

पालवीवरचे पाहुणे

पाणी आणि मीठ दोन्ही निर्दोष सुटले की मग किडींकडे वळायचे. किडींचे वळण जवळजवळ नेहमी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असते आणि पाऊस उघडल्यानंतर, ऑक्टोबर ते मे या काळात जास्त दिसते. मुसळधार पाऊस बारीक किडी धुऊन नेतो.

मिरची लावणाऱ्याला ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ हे शब्द नवे नाहीत. मिरचीत त्याची फोड पूर्वीच झालेली आहे: पाने वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड, आणि शिरा जाड होऊन सगळे झाड खुजे झाले तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. मेंदीचा तपास सुरू करायला हीच फोड कामाची आहे. मिरचीवरचा फुलकिडा आंब्यावर जातो, मेंदीच्या कुळातल्या डाळिंबावर तर तो मोठीच डोकेदुखी आहे. कोळी किडीचे खाद्यही असेच लांबरुंद. वईला लागून मिरची-वांग्याचे वाफे असतील तर ये-जा दोन्ही बाजूंनी चालते.

फुलकिडे शोधण्याची रीत अशी. सकाळी, वारा सुटण्यापूर्वी, शेंडा पांढऱ्या कागदावर धरून बोटाने तीन-चार वेळा टिचकी मारायची आणि कागद हलवायचा नाही. आधी धूळ, परागकण, वाळलेले तुकडे दिसतात. काही क्षणांनी त्यांतल्या एखाद्या पिवळट रेघेला पाय फुटतात आणि ती सरळ चालू लागते. जेमतेम एक मिलिमीटर लांब, टोकाकडे निमुळती. तोच फुलकिडा. तो मिटलेल्या कळीत शिरून कोवळा पृष्ठभाग खरवडतो आणि निघालेला रस शोषतो. खरवडलेल्या जागा पुढे रुपेरी होतात आणि त्यांत त्याच्या विष्ठेचे काळे ठिपके राहतात.

कोळी कीड कागदावर दिसत नाही. ती सुमारे पाव मिलिमीटरची, जवळजवळ पारदर्शक. तिच्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग हवे आणि पानाची खालची बाजू, मुख्य शिरेलगत, उजेडात धरून पाहायला हवी. उबदार, दमट हवेत तिची पिढी आठवड्याभरात पूर्ण होते. सोमवारी शेंडा बरा होता आणि पुढच्या सोमवारी सगळी वई मुरडली, असे सांगितले जाते त्यात म्हणूनच अतिशयोक्ती नसते. कडा खाली वळलेली, अरुंद, जाडसर, खालून तपकिरी चमक आलेली पाने हिचीच.

मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी यांना भिंगाची गरज नाही. हे तिन्ही रस पितात, त्यातली जास्तीची साखर चिकट गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या रांग लावतात. मुंग्या या किडींचे रक्षणही करतात. ढालकिडे आणि जाळीपंखी माशीच्या अळ्या मावा खायला येतात, त्यांना मुंग्या हुसकावतात. खोडावर मुंग्यांची चढउतार दिसली तर वर मावा किंवा ढेकूण आहे असे समजून पाने उलटी करून पाहावीत.

अळीने गुंडाळलेले पान यांत चुकून मिसळले जाते. ते ओळखणे सर्वांत सोपे: उलगडताना रेशमाचे धागे तुटतात आणि आत विष्ठेचे दाणे सापडतात. ती पाने हाताने तोडून टाकली की पुरे.

शेजारच्या शेतातून

जुलै-ऑगस्टमध्ये भातातल्या रुंद पानांच्या तणांवर २,४-डी मारले जाते. ते तणाला मारते ते वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करून, पेशी बेताल वाढवून. मेंदीही रुंद पानांची. वाऱ्याने आलेला थोडासा अंशही शेंडा पिळवटायला पुरतो, आणि त्याच्या इथिल इस्टर प्रकाराची तर वाफही उन्हात दूर जाते. खूण अशी की नुसते पान वळत नाही, शेंडा, देठ, पान सगळे पिळले जाते, आणि शेताकडच्या रांगेत ते सर्वांत जास्त, मागे कमीकमी. वईखालचे गवत जाळायला वापरलेले ग्लायफोसेट वेगळे दिसते: काही आठवड्यांनी बुंध्याजवळ फिकट, सुईइतक्या अरुंद पानांचे झुबके फुटतात. दोन्हींवर उतारा नाही. इजा थोडी असेल तर बाधित शेंडे छाटून पाणी देत राहावे, नवी फूट बहुधा सरळ येते.

> चौकट: पान हातात घेतल्यावर
>
> दुपारी मिटलेले आणि पहाटे उघडलेले पान: ऊन टाळते आहे, काही करू नये.
> देठापासून खाली झुकलेले, जुलै ते सप्टेंबर: मुळाशी पाणी साचले आहे, चर खणावा.
> कड करपलेली, मध्ये फुगीर, उन्हाळ्यात: मचूळ पाणी. फक्त समुद्राकडची बाजू करपलेली: खारा वारा.
> शेंड्याचे कोवळे पान वर वळलेले: कागदावर झटकून फुलकिडे शोधावेत. खाली वळलेले: भिंगाने कोळी कीड.
> चिकट पान आणि मुंग्या: मावा, पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी.
> शेंड्यासकट पीळ: तणनाशक.

वई लावताना आणि राखताना

प्रतिबंधाचा मोठा वाटा लागवडीच्या दिवशीच पार पडतो. सपाट जमिनीत खड्डे घेण्याऐवजी वीतभर उंच वरंबा करून त्यावर फाटे लावावेत आणि वरंब्याच्या उताराकडच्या अंगाला चर ठेवावा. पाणी धरणाऱ्या जमिनीत एवढ्यानेच पावसाळ्यातले बहुतेक दुखणे टळते. समुद्रासमोर पहिल्या रांगेत मेंदी लावण्यापेक्षा तिथे कोयनेल लावावी आणि तिच्या आडोशाला मेंदी. वाऱ्यातले मीठ कोयनेलीवर अडते.

छाटणीचे नीट समजून घ्यावे लागते. रसशोषक किडींना कोवळी फूट हवी असते आणि प्रत्येक छाटणी नवी फूट आणते. बंगल्याच्या वईला दर पंधरा दिवसांनी कात्री लागली तर तिच्यावर वर्षभर कोवळी पालवी राहते, म्हणजे किडींना वर्षभर जेवण. त्यात नत्रयुक्त खत मारले की पालवी अधिक लुसलुशीत. मोठी छाटणी पावसाच्या सुरुवातीला करावी. तेव्हा आलेली फूट पाऊस धुऊन काढतो आणि हवामान उघडून किडी वाढीला लागेपर्यंत पाने जून होतात. त्यानंतर ऑक्टोबर ते मे हात आखडता ठेवावा आणि वई थोडी अस्ताव्यस्त दिसली तर दिसू द्यावी. चौकोनी कापलेल्या वईचा हट्ट धरणाऱ्याला फुलकिड्यांविषयी तक्रार करायला फारशी जागा उरत नाही.

उन्हाळ्यात पाणी थोडे-थोडे रोज देण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी भरपूर द्यावे. थोड्या पाण्याने मीठ मुळांपाशीच साचते, भरपूर पाण्याने खाली उतरते. पाणी मचूळ असेल तर ते पानांवर कधीही उडवू नये. हिरवळीच्या फवाऱ्याचे पाणी वईवर पडत असेल तर फवाऱ्याचे तोंड वळवावे. बुंध्याशी नारळाच्या झावळ्यांचे किंवा सुपारीच्या विऱ्यांचे आच्छादन घातले तर बाष्प कमी होते आणि मीठ वर चढणेही. पावसाळ्यात हेच आच्छादन काढून घ्यावे, नाहीतर बुंधा कुजतो.

कीड दिसलीच तर पहिला उपाय गोड्या पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून, दोन-तीन दिवस ओळीने. दुसरा, मुरडलेले शेंडे छाटून वईपासून दूर पुरून टाकणे. तिसरा, पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, शंभर लिटर करायचे आणि संध्याकाळी फवारायचे, कारण उन्हात त्यातला गुण उतरतो. मावा आणि पांढऱ्या माशीवर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशी मिळते. तिला दमट हवा लागते आणि ती किनाऱ्यावर आयतीच आहे. कोळी किडीवर कीटकनाशके बऱ्याचदा चालत नाहीत, कारण ती कीटक नव्हे. उलट तिला खाणारे किडे मरतात आणि ती फोफावते. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम, थंड वेळी वापरतात. कडक उन्हात किंवा तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे पंधरा दिवसांत गंधक मारले तर पाने भाजतात. चिकट सापळ्यांत पिवळे पांढऱ्या माशी-माव्यासाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी. ते कीड आटोक्यात आणण्यापेक्षा ती आली कधी हे कळण्यासाठी जास्त उपयोगी.

मिरचीवरचे उरलेले आंतरप्रवाही औषध मेंदीवर नको, याला आणखी एक कारण आहे. ही पाने वाटून तासन् तास हातावर, डोक्यावर ठेवली जातात. झाडाच्या रसात शिरलेले औषध पाने धुऊन निघत नाही. ज्या झुडपांची पाने खुडायची ती वेगळी राखावीत, त्यांवर पाणी आणि निंबोळी अर्क यांपलीकडे काही मारू नये, आणि निंबोळीनंतरही आठवडाभर थांबून पाने घ्यावीत.

काही झुडपे मात्र कशालाच दाद देत नाहीत. पाणी ओसरले, कीड गेली, छाटणी झाली, तरी नवी फूट बारीक, शिरा फुगलेल्या, पेरी आखूड अशीच येते. विषाणूचा संशय घ्यायचा तो अशा वेळी. त्याचा निकाल डोळ्यांनी लागत नाही आणि त्यावर औषधही नाही. बाधित फांदी, मूठभर मुळे आणि मुळाजवळची माती वेगवेगळ्या कागदात गुंडाळून किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवावी. ओली पाने प्लास्टिकच्या पिशवीत नेली तर पोहोचेपर्यंत कुजतात. अशा झुडपाचे फाटे नव्या वईला अजिबात वापरू नयेत, कारण विषाणू फाट्याबरोबर जातो. फाटे घ्यायचे झाड आदल्या ऑक्टोबरातच निवडून त्यावर दोरी बांधून ठेवावी. उघड्या हवामानात सगळा हिवाळा-उन्हाळा ज्याची पालवी सपाट राहिली ते झाड खात्रीचे, आणि जूनचा पहिला पाऊस मुरला की त्याचेच पेन्सिलीच्या जाडीचे, वीतभर फाटे वरंब्यावर रोवावेत.